बी द्या, पण घरी धरता येईल असं

हवामान आणि माती देशागणिक वेगळी, मग शहरी शेतीत आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नुसत्या परिषदा, असं काहीजण म्हणतात; मला ते पटत नाही. अर्जेंटिनाचं उदाहरण घ्या. तिथे 1990 मध्ये ‘प्रो-ऊएर्ता’ ही सरकारी योजना सुरू झाली. तिच्यात गरीब कुटुंबांना हंगामानुसार भाज्यांचं बी फुकट मिळायचं आणि वस्तीतल्याच स्वयंसेवकांकडून शिकवणी. बी सरळ वाणाचं, म्हणजे संकरित नसलेलं, त्यामुळे चार झाडं राखून पुढच्या वर्षीचं बी घरीच धरता यायचं. 2005 मध्ये हीच योजना हैतीत गेली, कॅनडानेही पैशांची मदत केली. हैतीचं हवामान उष्ण, पिकं निराळी; तरी स्वयंसेवक तयार करायची रीत लागू पडली.

जमिनीचा प्रश्न मात्र बियाण्याहून अवघड आहे. त्याच देशातल्या रोसारिओ शहराने 2001 च्या आर्थिक संकटानंतर पडीक सार्वजनिक जागा लोकांना भाजीपाल्यासाठी रीतसर वापरायला दिल्या. आपल्या नगरपालिकांनी खरं शिकायचं ते हे.

आणि देण्यासारखं आपल्याकडेही आहे बरं का! डॉ. रमेश दोशींनी मुंबईत उसाचा चोथा भरून, अगदी थोड्या मातीत गच्चीवर भाज्या-फळं पिकवायची पद्धत बसवली. रसवंतीवाला जो चोथा फेकतो तोच! गच्चीवर भारही कमी पडतो. दाट वस्तीच्या कुठल्याही उष्ण शहराला हे आपण आवर्जून शिकवायला हवं.