विषय: ऑटिझम, शाळा आणि घर – एडिसन, फ्रिस्को की फ्रीमाँट?

प्रेषक: बाणेर, पुणे

नमस्कार मंडळी,

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून अमेरिकेत येतोय. ऑफिसने एडिसन (न्यू जर्सी), फ्रिस्को (टेक्सास) आणि फ्रीमाँट (कॅलिफोर्निया) असे तीन पर्याय दिलेत. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान पुण्यातच झालंय. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, तीही मराठीत. एच-४ वर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, येईल. तिन्हीकडच्या शाळांचं रेटिंग चांगलं दिसतं. मग ठरवायचं कशावरून?

---

प्रेषक: मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

ताई, नमस्कार.

रेटिंग बघून घर घेऊ नका. ते आकडे मुख्यतः परीक्षेच्या गुणांवरून काढलेले असतात. ऑटिझमचा वर्ग कसा चालतो, स्पीच थेरपिस्ट रोज शाळेत असते की आठवड्यातून दोनदा येते, हे त्यात कुठेच नसतं. दहापैकी दहा मिळालेल्या शाळेत तो वर्गच नसतो आणि मूल बसने गावातल्या दुसऱ्या शाळेत जातं, असं सर्रास होतं.

ऑटिझमच्या आकडेवारीवरूनही ठरवू नका. सीडीसीने (अमेरिकेच्या केंद्रीय आरोग्य संस्थेने) एप्रिल २०२५ मध्ये आठ वर्षांच्या मुलांचे आकडे दिले. सगळ्या पाहणी केंद्रांचं मिळून प्रमाण ३१ मुलांमागे एक, कॅलिफोर्नियातल्या केंद्रात १९ मागे एक, टेक्सासमधल्या लरेडोत १०३ मागे एक. कॅलिफोर्नियात ऑटिझम पाचपट आहे असा याचा अर्थ नाही. मुलं किती लवकर आणि किती नीट तपासली जातात, याचा मोठा वाटा त्या फरकात आहे.

अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा देशभर एकच आहे: आयडीईए. मूळ कायदा १९७५ चा, ऑटिझम हा वेगळा प्रवर्ग त्यात १९९० मध्ये आला. तिसऱ्या वर्षापासून मोफत आणि योग्य शिक्षण, प्रत्येक मुलाची स्वतःची लेखी योजना म्हणजे आयईपी. व्हिसाची अट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालानंतर इमिग्रेशन स्टेटसवरून सरकारी शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही. एच-४ ची काळजी शाळेपुरती तरी सोडा.

तुमच्या बाबतीत मोठा फरक पडतो तो जुलै महिन्यामुळे. अमेरिकेतल्याच एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलं, तर नव्या डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला, जुन्या आयईपीच्या तोडीच्या सेवा लगेच सुरू कराव्या लागतात. पुण्याचा रिपोर्ट म्हणजे आयईपी नव्हे. त्यामुळे तुमची सुरुवात पहिल्या पायरीपासून: लेखी विनंती, तपासणी, पात्रता, मग आयईपी. या पायऱ्यांची मुदत प्रत्येक राज्य वेगळी मोजतं.

न्यू जर्सीत लेखी विनंती पोचली की २० दिवसांत बैठक घ्यावी लागते. त्या २० दिवसांतून शाळेच्या इतर सुट्ट्या वगळतात, पण उन्हाळी सुट्टी वगळत नाहीत. तुम्ही तपासणीच्या संमतीवर सही केली की ९० दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि आयईपीची सुरुवात. ५ जुलैला पत्र दिलं आणि बैठकीतच सही केली, तर ऑक्टोबरच्या अखेरीस मुलगा त्याच्या वर्गात असायला हवा. ऑफिसातून हमखास उत्तर येतं की तपासणी करणारी चाइल्ड स्टडी टीम सप्टेंबरमध्ये परत येईल, तेव्हा या. ते ऐकून घरी परत जाऊ नका. बैठकीची तारीख लेखी मागा.

आणखी दोन गोष्टी इथे चांगल्या आहेत. ऑटिझमच्या वेगळ्या वर्गात तीन मुलांमागे एक माणूस हा राज्याचा नियम आहे. आणि डिस्ट्रिक्टशी वाद झाला तर आयईपी योग्य होता हे डिस्ट्रिक्टला सिद्ध करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या शाफर निकालाने हा भार तक्रार करणाऱ्यावर, म्हणजे बहुतेक वेळा पालकांवर टाकला होता. न्यू जर्सीने २००८ मध्ये कायदा करून तो परत डिस्ट्रिक्टवर आणला. वेळ आलीच तर हजारो डॉलरचा फरक पडतो, कारण तज्ज्ञ साक्षीदार उभे करण्याचा मोठा बोजा समोरच्यावर जातो.

दुखरी बाजूही सांगते. मुलांना सर्वसाधारण वर्गापासून वेगळं ठेवण्याचं प्रमाण इथे बऱ्याच राज्यांपेक्षा जास्त आहे. वेगळ्या वर्गाची सोय भरपूर, पण एकदा आत गेलेलं मूल बाहेर काढायला दरवर्षी आयईपीच्या बैठकीत आग्रह धरावा लागतो.

---

प्रेषक: प्लेनो, टेक्सास

नमस्कार. वरच्या मेलला जोडून टेक्सासचं लिहितो.

इथे लेखी विनंतीला उत्तर द्यायला डिस्ट्रिक्टला शाळेचे १५ दिवस, संमतीनंतर तपासणीचा अहवाल द्यायला शाळेचे ४५ दिवस, आणि त्यानंतर ३० दिवसांत बैठक. 'शाळेचे दिवस' म्हणजे जुलैत एकही दिवस मोजला जात नाही. ऑगस्टच्या मध्याला सुरुवात धरली तर सगळी मुदत वापरल्यावर डिसेंबर उजाडतो. आयईपीच्या बैठकीला इथे 'एआरडी' म्हणतात. न्यू जर्सीतून आलेले पालक त्या नावानेच आधी गोंधळतात.

पण एक दार आहे. टेक्सासमध्ये मोफत प्री-के (किंडरगार्टनच्या आधीचा वर्ग) सगळ्यांना नसतं. ज्या मुलाला इंग्रजी बोलता-समजता येत नाही, ते मात्र त्याला पात्र ठरतं. १ सप्टेंबरला चार पूर्ण असलेला तुमचा मुलगा मराठीच्या आधारावर ऑगस्टमध्येच वर्गात बसू शकतो आणि तपासणी मागून चालू राहील. प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरची भाषा' या रकान्यात मराठी लिहा. मराठी लिहिलं तर मुलाचं नुकसान होईल या भीतीने लोक तिथे इंग्रजी लिहितात आणि हे दार स्वतःच बंद करतात.

ऑटिझम असलेल्या मुलाच्या आयईपीत ११ मुद्द्यांचा विचार करणं राज्याच्या नियमाने बंधनकारक आहे: घरी येऊन प्रशिक्षण, पालकांचं प्रशिक्षण, उन्हाळ्यातला वर्ग, मुलांमागे किती माणसं वगैरे. एखादा मुद्दा नको असेल तर तो का नको, हे त्यांना लिहावं लागतं. त्या पानावर अकराही ओळींपुढे 'गरज नाही' छापून आलेलं असतं आणि पालक सही करतात. प्रत्येक ओळीचं कारण विचारा.

राज्याचा इतिहासही ठाऊक असू द्या. २००४ पासून स्पेशल एज्युकेशनमधली मुलं ८.५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचं लक्ष्य इथे होतं. २०१६ मध्ये ते उघडकीला आलं आणि २०१८ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने ते बेकायदा ठरवलं. तेव्हापासून तपासण्या वाढल्या, तपासणारी माणसं मात्र त्या वेगाने वाढली नाहीत.

आता शाळेइतकाच महत्त्वाचा विषय, इन्शुरन्स. एबीए थेरपीचा (वर्तन आणि कौशल्यांवर काम करणाऱ्या थेरपीचा) मोठा खर्च तिथून निघतो. ऑटिझमसाठी इन्शुरन्सची काही ना काही सक्ती आता पन्नासही राज्यांत आहे, पण ती सेल्फ-फंडेड प्लॅनला लागू होत नाही. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुतेक सेल्फ-फंडेडच असतात: कार्डावर नाव इन्शुरन्स कंपनीचं, पैसे तुमच्या कंपनीचे. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडे 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' ही पूर्ण पुस्तिका मागा. दोन पानांची जाहिरात चालणार नाही. त्यात एबीएचं पूर्ण नाव 'अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनालिसिस' शोधा: समाविष्ट आहे की वगळलंय, वयाची किंवा तासांची मर्यादा आहे का, स्पीच आणि ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) भेटी वर्षाला किती. प्लॅन पूर्ण इन्शुअर्ड असेल, म्हणजे पैसे इन्शुरन्स कंपनीचे असतील, तर पॉलिसी कुठल्या राज्यात काढली आहे ते बघा. तुम्ही फ्रिस्कोत राहिलात आणि पॉलिसी दुसऱ्या राज्यातली असली, तर सहसा त्या राज्याचा कायदा लागतो.

एबीए घेणारं कुटुंब 'आउट-ऑफ-पॉकेट मॅक्स'पर्यंत, म्हणजे वर्षात स्वतःच्या खिशातून भरायच्या कमाल रकमेपर्यंत, बहुधा वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांतच पोचतं. तो आकडा म्हणजेच तुमचा वर्षाचा खर्च असं धरून बजेट करा. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली की तो पुन्हा शून्यापासून मोजला जातो.

---

प्रेषक: फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नमस्कार ताई.

मुदत: विनंतीनंतर १५ दिवसांत तपासणीचा आराखडा, सहीनंतर ६० दिवसांत तपासणी आणि बैठक. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, पण उन्हाळ्याची आणि पाच दिवसांहून मोठी सुट्टी वगळतात. म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरपर्यंत. मधल्या काळात मुलगा घरी बसणार नाही. २०२५-२६ पासून १ सप्टेंबरपर्यंत चार पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत टीके, म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, मोफत आहे.

कॅलिफोर्नियाची जमेची मोठी बाजू शाळेबाहेर आहे. १९६९ च्या लँटरमन कायद्याखाली राज्यात २१ रीजनल सेंटर आहेत. ऑटिझममुळे जगण्याच्या ठरावीक सात क्षेत्रांपैकी किमान तिनांत मोठी अडचण असेल तर सेवा हा हक्क आहे, तोही जन्मभर. इमिग्रेशन स्टेटसची अट नाही. पालकांना विश्रांती मिळावी म्हणून येणारा मदतनीस, मोठेपणी राहण्याची आणि कामाची मदत, हे सगळं तिथून. फ्रीमाँटला ईस्ट बेचं सेंटर लागतं, सांता क्लारा काउंटीत गेलात तर सॅन अँड्रियास. ज्या आठवड्यात भाडेकरार कराल, त्याच आठवड्यात अर्ज करा. टेक्सासमध्ये याच्या जवळपासच्या सेवा मेडिकेड (सरकारी आरोग्य विमा) वेव्हरमधून मिळतात आणि त्यांची प्रतीक्षा यादी दहा वर्षांच्या वर चालते. तिथे गेलात तर पहिल्या आठवड्यात नाव लावा. पात्रता नंबर आल्यावर तपासतात.

भाडं मात्र इथे सगळ्यांत जड, आणि इथल्या वादात सिद्ध करण्याचा भार सहसा पालकांवर असतो.

पत्त्याचा घोळ समजून घ्या. 'फ्रीमाँट युनिफाइड' फ्रीमाँटमध्ये आहे. 'फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट' फ्रीमाँटमध्ये नाहीच, ते सनीवेल-कुपरटिनोकडे. कुपरटिनोत आठवीपर्यंत एक डिस्ट्रिक्ट आणि नववीपासून दुसरं, म्हणजे ऐन वयात आयईपीची माणसं बदलतात. सॅन होजेचा पत्ता असलेली कित्येक घरं कुपरटिनोच्या शाळांत मोडतात. न्यू जर्सीत 'प्रिन्स्टन' पत्त्याची घरं प्लेन्सबरो आणि वेस्ट विंडसरमध्येही असतात. फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये प्लेनो आणि मॅकिनीचे भागही येतात. घरमालकाच्या शब्दावर जाऊ नका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा पत्ता टाकून बघा.

---

प्रेषक: बाणेर, पुणे

मनापासून आभार. घर ठरवण्याआधी डिस्ट्रिक्टला फोन केला तर उत्तर देतात का? नेमकं काय विचारू? आणि इथून कुठले कागद आणायचे?

---

प्रेषक: मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी

देतात. शाळेत नको, डिस्ट्रिक्टच्या स्पेशल एज्युकेशन ऑफिसात फोन करा. न्यू जर्सीत त्याला बहुधा 'स्पेशल सर्व्हिसेस' म्हणतात. 'तुमचा ऑटिझम प्रोग्रॅम चांगला आहे का?' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर मिळेल. असं विचारा:

साडेचार वर्षांच्या मुलासाठी तुमच्याकडे कोणकोणते वर्ग आहेत आणि कुठल्या इमारतीत? पहिलीला, तिसरीला, सहावीला तो वर्ग कुठे जातो? बीसीबीए (एबीएची प्रमाणित तज्ज्ञ) डिस्ट्रिक्टच्या पगारावर आहे की कंत्राटी, आणि एका तज्ज्ञाकडे किती शाळा? या वर्षी ऑटिझम असलेली किती मुलं डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवलीत? बसचा प्रवास जास्तीत जास्त किती मिनिटांचा?

'तिसरीनंतर बघू' असं उत्तर आलं तर समजा की वर्ग तिसरीपर्यंतच आहे.

रहिवासी होण्याआधी चालू वर्ग पाहू देतातच असं नाही. मुलांच्या खासगीपणाचं कारण सांगतात. मग शाळा सुटल्यावर रिकामी खोली दाखवा म्हणावं, तीही बरंच सांगते. चित्रांचं वेळापत्रक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे की शिक्षकाच्या? प्रत्येक मुलाचं वेगळं आहे की सगळ्यांना मिळून एकच? न बोलणाऱ्या मुलांची बोलण्याची टॅब्लेट खाऊच्या टेबलावर असतात की कपाटात चार्जिंगला? टॅब्लेट कपाटात असेल तर ते मूल खाऊ मागायला हात ओढतं किंवा रडतं, आणि मग कागदावर 'वर्तन समस्या' अशी नोंद होते.

कागद: पुण्याच्या डॉक्टरांकडून डीएसएम-५ चे (मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तिकेचे) निकष एकेक मांडलेला इंग्रजी रिपोर्ट घ्या. कोणत्या चाचण्या केल्या, गुण किती, चाचणी कुठल्या भाषेत झाली, हे त्यात हवं. नुसतं 'माइल्ड ऑटिझम' लिहिलेला कागद इथे कुणी धरत नाही. एडीओएस-२ ही ऑटिझमची चाचणी तिथे होत असेल तर करून घ्या. इथल्या इन्शुरन्स कंपन्या ती अनेकदा मागतात आणि इथल्या डॉक्टरकडे नंबर लागायला काही महिने जातात. थेरपीच्या नोंदी तारखांसह आणा. मुलगा घरी जेवताना आणि खेळताना मराठीत बोलतोय असे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ आणा.

व्हिडिओ का, तर तपासणी मुलाच्या भाषेत करणं शक्य असेल तर तशीच करावी असं आयडीईए सांगतो. इंग्रजीत तपासलं तर भाषेचे गुण खोटे कमी येतात. याच्या उलट चूकही होते: 'आधी इंग्रजी शिकू दे, मग तपासू.' त्यासाठी तपासणी लांबवता येत नाही. पत्रात एक ओळ घाला: 'मुलाची भाषा मराठी आहे, तपासणीसाठी आणि बैठकीसाठी दुभाषी हवा.' नकार दिला तर तो लेखी कारणांसह मागा. त्याला 'प्रायर रिटन नोटिस' म्हणतात आणि तो देणं त्यांना बंधनकारक आहे.

कुणी सांगेल की घरी इंग्रजीच बोला. ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. त्याची आजी फोनवर मराठीतच बोलणार आहे.

आयईपी हातात आला की सेवांच्या तक्त्यातली एकेक ओळ वाचा. 'स्पीच, आठवड्यातून २ वेळा, ३० मिनिटं' याच्या पुढे 'वैयक्तिक' लिहिलंय की 'गट'? गट असेल तर किती मुलांचा? चौघांच्या गटात अर्ध्या तासात तुमच्या मुलाच्या वाट्याला सात-आठ मिनिटं येतात.

तुमच्या तीन गावांत माझं मत: जुलैत येणार, वय साडेचार, भाषा मराठी, तर शाळेसाठी न्यू जर्सी. पुढे दहा-पंधरा वर्षं राहायचं नक्की असेल आणि भाडं झेपणार असेल, तर रीजनल सेंटरमुळे कॅलिफोर्निया. पहिल्या वर्षी भाड्यानेच राहा. वर्ग पटला नाही तर डिस्ट्रिक्ट बदलणं हा सगळ्यांत जलद उपाय असतो.

---

प्रेषक: नोव्हाय, मिशिगन

वरच्या सगळ्याला एकच जोड. शाळेचा हक्क न्यू जर्सीत २१ पूर्ण होतात त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, कॅलिफोर्नियात साधारण २२ पर्यंत, आमच्या मिशिगनमध्ये २६ पर्यंत. पण एच-४ वरच्या मुलाचं डिपेंडंट स्टेटस २१ व्या वाढदिवसाला संपतं. इतर मुलं तेव्हा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर कॉलेजला जातात. आपल्या सगळ्याच मुलांना ते जमेल असं नाही. भारतीयांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे इथे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून ऑफर लेटरवर सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: पर्म (ग्रीन कार्डची पहिली पायरी) पहिल्याच वर्षी सुरू करणार, आणि कुठल्या महिन्यात.