विषय: शेवयांचा पिवळा भोपळा – पाणी सुटतं, सडतो, काय करू?

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात शेतावरून सात स्पॅगेटी स्क्वॉश आणले, म्हणजे शिजवल्यावर ज्याचा गर शेवयांसारखा सुटतो तो पिवळा भोपळा. भोपळाच तो, टिकेल, असं धरून चालले. दोन फ्रिजमध्ये ठेवले; तीन आठवड्यांत सालीवर खड्डे पडले, डाग आले, आणि चिरले तेव्हा आत पाणी. एक गॅरेजमध्ये होता, तो परवाच्या थंडीत गोठला आणि घरात आणल्यावर पिचपिचीत झाला. चौथा उभा चिरून ओव्हनमध्ये भाजला, तर ताटात तळं साचलं आणि धागे बोटभर लांबीचे.

आई जालन्याहून इथं परदेशी माझ्याकडे आलीय. तिला साखर आहे. रात्रीच्या भाताऐवजी हे द्यावं असं माझ्या मनात होतं. तिनं दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. म्हणाली, "बाई, ही ना भाजी ना शेवई." तीन उरलेत, आणि ते मला वाया घालवायचे नाहीत. कोणी नीट सांगेल का?

– एक जालनेकर

*

उत्तर:

आम्ही त्यावर टोमॅटोचा तयार सॉस आणि चीज घालतो. मुलं खातात. पाण्याचं मात्र आमच्याकडेही तसंच होतं, त्यामुळे उत्तराची वाट मीही बघतोय.

– परभणीकर

*

उत्तर:

बाळा, मी सध्या औशाजवळ गावी आहे. येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा शेतातला सण, करूनच परतणार. तुझं पत्र सकाळी वाचलं आणि तडक जावेच्या कोठीच्या खोलीत गेले. तिच्याकडं तांबडे भोपळे कडब्यावर मांडलेत, एकाला दुसरा चिकटू न देता, प्रत्येकाचा देठ वर. खोली माळवदाची, अंधारी, बाहेर ऊन असलं तरी आत गार. मी एक भोपळा देठाला धरून उचलला तर जाऊबाई ओरडल्याच, "अवं, देठाला कामून धरलंय? देठ निघाला की संपलं." खरंच आहे ते. देठ तुटला की तिथल्या उघड्या जखमेतून बुरशी आत शिरते आणि भोपळा वरून धड दिसत असताना आतून बसतो.

तुझ्या पिवळ्या भोपळ्यालाही हेच लागू आहे. त्याला पास्ता समजू नकोस, भोपळा समज, म्हणजे अर्धी अडचण सुटेल.

आधी साठवण. अख्ख्या फळाला फ्रिज नको. फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात. दहा अंशांच्या खाली ही फळं फार दिवस राहिली की त्यांना थंडी बाधते. तुझ्या सालीवर पडलेले खड्डे त्याचेच. त्याला १० ते १३ अंश सेल्सिअस लागतात, म्हणजे तिकडच्या मापात ५० ते ५५ फॅरनहाइट, आणि जागा कोरडी हवी. गॅरेज नकोच. बेसमेंटच्या ज्या कोपऱ्यात हीटरची झळ येत नाही तिथं लाकडी फळीवर ठेव, थेट सिमेंटच्या जमिनीवर नको, तिथली ओल खालून लागते. कडबा तुला कुठून मिळणार, पुठ्ठा घाल. शेजारी सफरचंदांची पेटी ठेवू नकोस. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं भोपळे लवकर उतरतात. आठवड्याला एकदा हात फिरव. कुठं मऊ लागला तर तोच आधी चिरायला घे.

एक मात्र ध्यानात ठेव. आपला तांबडा भोपळा वेगळ्या जातीचा, तो उन्हाळ्यापर्यंत घरात राहतो. हा स्क्वॉश झुकिनीच्या जातकुळीतला, त्याला तेवढा दम नाही. दोन-तीन महिने, तेही निबर असला तर. निबर ओळखायचं नखानं. साल पूर्ण पिवळी हवी आणि नख रुतता कामा नये. रुतलं तर कोवळा आहे, आठवड्यात संपव. तुझे ऑक्टोबरातले आहेत म्हणजे जानेवारीपर्यंत खाऊन टाक.

आता चिरणं. इथंच तुझं चुकलं आणि सगळ्यांचं इथंच चुकतं. आपण भोपळा देठापासून उभा चिरतो. याच्या शेवया मात्र आत उभ्या नसतात, डोक्यावरच्या चुंबळीसारख्या आडव्या गोल फिरलेल्या असतात. उभा चिरलास की प्रत्येक वेढा तुटतो, म्हणून तुला बोटभर धागे मिळाले. आडवा काप. दीड-दीड इंचाच्या कड्या पाड, मधल्या बिया आणि रेषा काढ. कडक लागतो, सुरी घसरते, जपून. आधी सुरीच्या टोकानं आठ-दहा ठिकाणी टोचून मायक्रोवेव्हमध्ये तीन-चार मिनिटं ठेवलास तर साल नरमते. न टोचता अख्खा कधी तापवू नकोस, आतली वाफ कोंडून फळ फुटतं.

चिरल्यावर कच्च्या गराचा एक कपचा जिभेवर ठेव. काकडीचा, दुधीचा आपण ठेवतो तसाच. कडू लागला तर फळ फेकून दे, दुसरा विचार नको. या कुळातलं कडू द्रव्य शिजवूनही जात नाही आणि त्यानं उलट्या-जुलाब होतात.

कड्यांना तेलाचं बोट लाव, ट्रेमध्ये एकेरी मांड, २०० अंशांवर (तुमच्याकडं ४००) साधारण अर्धा तास. अर्ध्या वाटीसारखा पालथा घालून भाजलास तर तो स्वतःच्याच वाफेत उकडतो, तळं त्याचंच होतं. कडीला चहूबाजूंनी कोरडी हवा लागते. काट्यानं ओढल्यावर धागा सुटला पाहिजे आणि दाताखाली किंचित करकरला पाहिजे. गाळ झाला म्हणजे जास्त झालं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावू नकोस, वाफ जाऊ दे. मग शेवया सोडवून सुती पंचावर पसर. मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पुन्हा पाणी सुटणारच.

ओव्हन लावायचा नसेल तर जपानी पद्धत आहे. ते याला सोमेन काबोचा म्हणतात. सोमेन म्हणजे त्यांच्या गव्हाच्या बारीक शेवया, काबोचा म्हणजे भोपळा. त्यांनाही शेवयाच आठवल्या याचं मला फार बरं वाटलं. कड्या उकळत्या पाण्यात दहा-बारा मिनिटं, मग गार पाण्यात टाकून बोटांनी दाबायच्या. लडीच्या लडी सुटतात. पाणी मात्र नीट निथळायला हवं.

आता चव. या गराला स्वतःची चव फारशी नाही, फोडणी खमंग हवी. लोखंडी कढईत करडईचं तेल चांगलं तापव, जिरं, ठेचलेला लसूण, लाल तिखट, त्यात शेवया मोठ्या आचेवर दोनच मिनिटं. उतरवताना शेंगदाण्याचं भरड कूट आणि मीठ. कूट उरलेलं पाणी पिऊन घेतं. झाकण घालायचं नाही. दुसरं, दह्यातलं भरीत: शेवया पूर्ण गार करून मगच दही घाल, वरून हिरव्या मिरचीची फोडणी. येसर आमटीत (येसर म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ) घालून उकळू नकोस, विरतात. ताटलीत शेवया घेऊन वरून आमटी ओत. आणि दुधातली खीर करायला जाऊ नकोस. गव्हाच्या शेवयांनी दूध दाटतं, यात तेवढा स्टार्चच नाही.

उरलं तर: कच्चा चिरलेला भाग बिया काढून, गुंडाळून फ्रिजमध्ये चार दिवस. शिजवलेल्या शेवया डब्यात तीन-चार दिवस. फ्रीजरला टाकायच्या असतील तर आधी रात्रभर फ्रिजमध्येच चाळणीवर निथळत ठेव, मग एका वेळेपुरत्या पिशव्या पातळ थापून भर. काही महिने राहतात, करकरीतपणा मात्र जातो. त्या थालीपिठाला वापर.

आईला नमस्कार सांग.

– काकू, औसा

*

उत्तर:

काकूंनी सगळं सांगितलंय. मी आहारतज्ज्ञ आहे म्हणून साखरेबद्दल थोडं लिहिते. शिजवलेल्या एक कप शेवयांत साधारण १० ग्रॅम कर्बोदकं आणि ४० च्या आसपास कॅलरी असतात. एक कप शिजलेल्या भातात कर्बोदकं ४५ ग्रॅमच्या घरात. फरक मोठा आहे, म्हणूनच काळजी घ्या. आई इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेत असतील आणि भात एकदम बंद केलात, तर रात्री साखर फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारून करा, सुरुवातीला मोजत राहा. सोबत अर्धी ज्वारीची भाकरी आणि वाटीभर वरण असू द्या, नुसत्या शेवयांनी पोटही भरत नाही.

– नांदेडकर

*

उत्तर:

काकू,

काल रात्री केलं. कड्या पाडल्या, कपचा चाखला, गोडसर होता. करडईचं तेल इथल्या दुकानात सॅफ्लॉवर म्हणून मिळालं, पण वासच नाही त्याला; लाकडी घाण्याच्या तेलाचा वास मला आठवत होता. लसूण जास्त घातला. पंचावर पसरलेल्या शेवया बघून आईनं बोटावर एक लड गुंडाळून पाहिली. पाटावरच्या शेवया ती अशाच बघायची, तुटते का म्हणून. मग ताट पुढं ओढलं, अर्ध्या भाकरीबरोबर सगळं खाल्लं. डॉक्टरांशी बोलले आहे, रात्री झोपताना साखर मोजली, ठीक होती.

उरलेले दोन बेसमेंटमध्ये पुठ्ठ्यावर आहेत. थर्मामीटर ठेवलाय, ५४ दाखवतोय. सफरचंदं वर स्वयंपाकघरात आणली.

परत येताना जावेच्या हातचं येसर आणाल का? पाव किलो पुरे. आईनं मागितलंय.

– जालनेकर