गूगल फोटोजमधून इमिचवर: तारखा कशा वाचवायच्या?

खटपट्या: १८० जीबी फोटो इमिचवर (स्वतःच्या मशीनवर चालवायचं फोटो-सॉफ्टवेअर) न्यायचेत. टेकआउटच्या (गूगलमधला आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) झिप उघडून चार फोटो चढवून पाहिले, तर व्हॉट्सॲपचे सगळे आजच्या तारखेला! डेस्कटॉपला रॅम ४ जीबी. चालेल का?

टर्मिनलवाला: व्हॉट्सॲप फोटोतला एक्झिफ (फोटोतच साठवलेली तारीख वगैरे माहिती) काढून टाकतं. अशा फोटोची तारीख टेकआउटमध्ये सोबतच्या जेसन फाइलीत असते. नुसता फोटो चढवला की ती मागेच राहते. इमिच-गो (इमिचवर फोटो चढवायचं वेगळं टूल) वापरा, ते जेसन वाचतं. झिप उघडू नका, आणि सगळ्या एकदम द्या. फोटो एका झिपमध्ये नि त्याचा जेसन दुसऱ्यात, हे सर्रास होतं. टेकआउट मागवताना टीजीझेड नको, झिपच निवडा. तुकडा ५० जीबीचा. लिंक साधारण ७ दिवसांत मरते, तेव्हा लगेच उतरवा.

डबा_सर्व्हर: ४ जीबीत चेहरे ओळखणं रडवेल. किमान ६ लागते, ८ टाका. तोवर मशीन लर्निंगचा कंटेनर (इमिचचा चेहरे ओळखणारा भाग) बंद ठेवा. पोस्टग्रेसचा (इमिचचा डेटाबेस) डेटा नेटवर्क शेअरवर (नेटवर्कवरून जोडलेल्या फोल्डरवर) अजिबात नको.

टर्मिनलवाला: बॅकअप घेताना फोटोंच्या फोल्डरसोबत डेटाबेसचा डंपही (पूर्ण प्रत) घ्या, नाहीतर अल्बम गेले. मगच गूगलवरचं पुसा.