उबुंटूत वर्कस्पेस जागेवर राहत नाहीत, काय करू?

अनुवाद_नाशिक:
नमस्कार मंडळी. उबुंटू 24.04 (लिनक्स) वापरतेय, त्याचा डेस्कटॉप म्हणजे ग्नोम जसं आलं तसंच आहे, काही बदललेलं नाही. काम अनुवादाचं, त्यामुळे लिबरऑफिस रायटर, मूळ पीडीएफ, फायरफॉक्समध्ये शब्दकोश आणि मेल हे दिवसभर उघडंच असतं. एका स्क्रीनवर फार गर्दी व्हायला लागली म्हणून वर्कस्पेस, म्हणजे एकाच स्क्रीनवरचे वेगवेगळे डेस्कटॉप, वापरायला घेतले, पहिल्यात अनुवाद, दुसऱ्यात मेल, तिसऱ्यात बिलं. पण मेलची विंडो बंद केली की दुसरा वर्कस्पेसच गायब होतो आणि बिलं सरकून दुसऱ्यात येतात. हाताला सवय लागलीये की दोन नंबरला मेल, त्यामुळे काल न बघता टाईप करायला लागले आणि ते गेलं थेट बिलाच्या शीटमध्ये, सेलमधला आकडाच पुसला गेला. लगेच लक्षात आलं म्हणून कंट्रोल झेड करून परत आणला, नाहीतर चुकीचं बिल गेलं असतं. दुसरा त्रास कीबोर्डचा. रायटरमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला की मेलचा पत्ता टाकतानाही मराठीच उमटतं, दर वेळी सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची की) दाबायचं. हे जागच्या जागी ठेवता येतं का?

पेंग्विन_सोलापूर:
ताई, बिघाड काही नाहीये, ग्नोमची मूळ पद्धतच तशी आहे. वर्कस्पेस रिकामा झाला की तो काढून टाकतं आणि शेवटी एक रिकामा कायम ठेवतं, याला डायनॅमिक म्हणतात. ज्यांना कुठलाच नंबर लक्षात ठेवायचा नसतो त्यांना बरं पडतं, पण तुमच्यासारखं ठरलेलं काम असेल तर अजिबात उपयोगाचं नाही. सेटिंग्जमध्ये मल्टिटास्किंग उघडा, तिथे फिक्स्ड नंबर निवडा आणि आकडा 3 किंवा 4 ठेवा. मग सगळं बंद केलं तरी जागा हलत नाही.

तिथेच खाली ॲप स्विचिंग आहे, त्यात फक्त चालू वर्कस्पेसमधली ॲप्स दाखवायचा पर्याय लावा. अनुवाद करताना ऑल्ट-टॅबमध्ये बिलं दिसायलाच नकोत, माझ्या मते अर्धी शांतता यातच आहे.

कीबोर्डसाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्डच्या पानावर इनपुट सोर्स (टायपिंगची भाषा) स्विचिंग बघा, प्रत्येक विंडोसाठी वेगळा सोर्स असा पर्याय आहे. तो लावला की रायटर मराठीत राहतं आणि मेल इंग्रजीत, ग्नोम आपापलं लक्षात ठेवतं. मराठीत टाईप करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशी करावं असं मला मनापासून वाटतं.

टर्मिनल_कोल्हापूर:
वरचं सगळं बरोबर, त्यात थोडी भर. रोज सकाळी विंडो उचलून जागेवर नेण्यापेक्षा एक्स्टेन्शन मॅनेजर (ग्नोमला जास्तीच्या सोयी जोडायचं ॲप) टाका आणि त्यातून ऑटो मूव्ह विंडोज चालू करा. त्याच्या सेटिंगमध्ये कुठलं ॲप कितव्या वर्कस्पेसवर हे सांगायचं, मग ते उघडलं की तिथेच जातं. आधीपासून उघड्या विंडोला ते हात लावत नाही, त्यामुळे लावल्यावर ॲप बंद करून परत उघडा.

अडचण एकच, ते ॲप ओळखतं, विंडो नाही. तुमचा शब्दकोश पण फायरफॉक्स आणि मेल पण फायरफॉक्स, मग दोन्ही एकाच ठिकाणी जाणार. म्हणून मेल थंडरबर्ड या मेलच्या ॲपमध्ये घ्या, ते वेगळं ॲप झालं.

आणि शॉर्टकट. वर्कस्पेस 1, 2, 3 ला जायला सुपर-1, सुपर-2 द्यावंसं वाटतं पण उबुंटूत ते डॉकमधली (कडेच्या पट्टीतली) ॲप्स उघडायला वापरलेलं असतं, तिथे भांडण होतं. मी कंट्रोल-ऑल्ट-1, 2, 3 दिलेत, बरीच वर्षं तेच वापरतोय. सुपर-होमने पहिल्यावर आणि सुपर-एंडने शेवटच्यावर जाता येतं, ते आधीपासूनच असतं.

प्लाझ्मा_पुणे:
एवढी एक्स्टेन्शनं लावण्यापेक्षा ग्नोमऐवजी केडीई प्लाझ्मा हा दुसरा डेस्कटॉप बघा एकदा. तिथे व्हर्च्युअल डेस्कटॉपची संख्या आपण ठरवतो तीच राहते, त्यांना नावं देता येतात, म्हणजे एक-दोन-तीन न म्हणता सरळ अनुवाद, मेल, बिलं. विंडो रूल (कुठली विंडो कुठे उघडायची हा नियम) तर ॲपवरच नाही, विंडोच्या टायटलवरूनही लावता येतो.

पेंग्विन_सोलापूर:
प्लाझ्मा चांगलंच आहे दादा, पण चालू कामाच्या मशीनवर ग्नोमशेजारी टाकायला नका सांगू. ॲप्सच्या यादीत दोन फाइल मॅनेजर, दोन टर्मिनल, दोन सेटिंग्ज येतात आणि यांची तर तक्रारच गर्दीची आहे. जुन्या लॅपटॉपवर आधी वेगळं टाकून बघावं.

अनुवाद_नाशिक:
सगळ्यांचे खूप आभार. फिक्स्ड 3 केले, थंडरबर्ड दोनवर लावलं, बिलं तीनवर. इनस्क्रिप्टचं तर इतकं बरं वाटतंय, सकाळपासून सुपर-स्पेसला हात लावलेला नाही. एकच राहिलं, शब्दकोश मला मेलचं उत्तर लिहितानाही लागतो, तो दोन्हीकडे दिसेल का?

टर्मिनल_कोल्हापूर:
हो. शब्दकोशाचा टॅब ओढून वेगळी विंडो करा, मग त्या विंडोवर असताना ऑल्ट-स्पेस दाबा, मेनू येईल, त्यात ऑलवेज ऑन व्हिजिबल वर्कस्पेस वर टिक करा. तुम्ही कुठेही गेलात तरी ती विंडो सोबत येते. फायरफॉक्स बंद केलं की टिक जाते, सकाळी परत करावी लागेल.

अनुवाद_नाशिक:
झालं! कडेला बारीक करून ठेवलाय, तिन्हीकडे दिसतोय.