बॅलेच्या ग्रेड परीक्षा दिल्या की बॅले डान्सर होता येतं का?

रेवती_ठाणे:

माझं मत आधीच सांगते. बॅलेच्या परीक्षा आणि बॅलेतलं करिअर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि क्लासची फी भरणाऱ्या पालकांना हे कुणी स्पष्ट सांगत नाही.

मुलगी दहा वर्षांची आहे. नाचाशिवाय तिला दुसरं काही सुचत नाही. क्लासकडून आता निरोप आलाय की पुढच्या वर्षी ग्रेड पाचसोबत इंटरमिजिएट फाउंडेशनची तयारी सुरू करू, आठवड्यातून चार दिवस पाठवा, पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे कडक टोकाचे बूट) घ्या, करिअर करायचं तर हीच वेळ आहे. तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय.

आपल्याकडे बहुतेक जण ज्या परीक्षांना बसतात त्या लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या, म्हणजे आरएडीच्या. ही संस्था १९२० सालची. ग्रेड एक ते आठ ही एक वाट. दुसरी व्होकेशनल, म्हणजे व्यवसायाच्या दिशेची: इंटरमिजिएट फाउंडेशन, इंटरमिजिएट, अ‍ॅडव्हान्स्ड फाउंडेशन, अ‍ॅडव्हान्स्ड वन, अ‍ॅडव्हान्स्ड टू, आणि शेवटी सोलो सील. हे सगळं केलं की कुठल्यातरी बॅले कंपनीत, म्हणजे नर्तकांच्या व्यावसायिक संघात, घेतील, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात कंपन्यांमध्ये जाणारी मुलं वेगळ्याच दारातून आत गेलेली असतात. सेंट पीटर्सबर्गची वागानोवा अकॅडमी १७३८ पासून आहे. तिथे दहाव्या वर्षाच्या आसपास घेतात आणि पुढची आठ वर्षं रोज घासून घेतात. पॅरिस ऑपेराची शाळा १७१३ ची. तिथे दरवर्षी परीक्षा, आणि जो उतरला नाही त्याने घरी जायचं. लंडनच्या रॉयल बॅले स्कूलची धाकटी शाळा रिचमंड पार्कमधल्या व्हाइट लॉजमध्ये आहे, प्रवेश अकराव्या वर्षी. या शाळा ऑडिशनला प्रमाणपत्रांची फाइल बघत नाहीत. खुब्याच्या सांध्यातून पाय किती बाहेर वळतो, पावलाची कमान कशी आहे, उडी किती, ताल-सुराला शरीर कसं उत्तर देतं, हे बघतात.

मग आम्ही चार दिवस नक्की कशासाठी पाठवायचं? परीक्षेसाठी असेल तर तसं सांगा. करिअरचं नाव पुढे करून दहा वर्षांच्या मुलीच्या पायात पॉइंट शूज घालू नका.

विशाखा_कथक:

रेवती, तुमची काळजी समजते, पण परीक्षेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय ते मला मान्य नाही. मी पुण्यात कथक शिकवते. गांधर्व महाविद्यालयाच्या प्रारंभिक ते अलंकार परीक्षांना माझ्या मुली बसतात. विशारद झाल्या म्हणून त्या सगळ्या रंगमंचावर गेल्या का? नाही. पण परीक्षा नसती तर निम्म्या मुली सातवी-आठवीत शाळेच्या दडपणाखाली सोडून गेल्या असत्या, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

दुसरं म्हणजे, जिथे मोठ्या कंपनीचा प्रयोग सहसा बघायला मिळत नाही, तिथे अभ्यासक्रम हाच शिक्षकावरचा वचक असतो. कोणत्या वयाला काय शिकवायचं आणि काय शिकवायचं नाही हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. बाहेरचा परीक्षक येतो, मुलगी त्याच्यासमोर बारला (आधाराच्या आडव्या दांड्याला) धरून उभी राहते, तिला पाठीशी घालायला कुणी नसतं. नुसत्या गॅदरिंगच्या आयटमवर चालणाऱ्या क्लासपेक्षा हे शंभरपट बरं.

रेवती_ठाणे:

विशाखाताई, वचकाबद्दल मान्य. पण कथकमध्ये अलंकार झालेली मुलगी तिशीत, चाळिशीत, पन्नाशीतही नाचू शकते. बॅलेत कंपनीची दारं सोळा ते एकोणीसमध्ये उघडतात आणि लगेच बंद होतात. तिथे चुकीच्या परीक्षेत घालवलेली तीन वर्षं फार महाग पडतात.

ध्रुव_वाशी:

अकराव्या वर्षी दार बंद होतं हे तुमचं गणितच मला पटत नाही. आमच्या नवी मुंबईतलीच उदाहरणं घ्या. अमिरुद्दीन शाह, वेल्डरचा मुलगा. मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. दोघंही मुंबईत येहुदा माओर या इस्रायली-अमेरिकन गुरूंकडे शिकले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. मनीष तर विशीच्या उंबरठ्यावर बॅलेकडे वळला आणि पुढे अमेरिकेत पोचला. दिल्लीचा कमल सिंग ई-रिक्षाचालकाचा मुलगा, सतराव्या वर्षी सुरुवात, फर्नांडो अगिलेरा यांच्याकडे तालीम, आणि २०२० मध्ये इंग्लिश नॅशनल बॅले स्कूल. यांच्यातलं कुणीही पाचव्या वर्षापासून ग्रेडा देत आलेलं नव्हतं. खरा गुरू आणि रोजची मेहनत असेल तर वाट निघते. मुलीला चार नाही, सहा दिवस पाठवा!

उमा_रीडिंग:

ध्रुव, तिन्ही मुलं कौतुकाची आहेत. पण तिन्ही मुलगे आहेत. हा मुद्दा बाजूला ठेवून चालणार नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते, थोरली सोळाव्या वर्षापर्यंत बॅले शिकली. इथे प्रत्येक गल्लीत गुलाबी लिओटार्ड घातलेल्या मुली आहेत, मुलगे मोजके. जोडीने नाचायला, उचलायला कंपन्यांना पुरुष हवेच असतात, म्हणून ताकदीचा, उडी असलेला मुलगा उशिरा आला तरी त्याच्यावर कुणीतरी पैज लावतं. सतराव्या वर्षी सुरू केलेल्या मुलीला ती संधी जवळपास मिळत नाही. पॉइंटवरची सफाई तोवर पक्की झालेली असावी लागते. अमेरिकेतली मिस्टी कोपलँड तेराव्या वर्षी सुरू करून २०१५ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरची प्रिन्सिपल, म्हणजे प्रमुख नर्तकी, झाली. तेराव्या वर्षी सुरुवात हीच तिथे नवलाची गोष्ट मानली गेली.

आणि पैसे. कमलला आणि अमिरुद्दीनला फीसाठी लोकांकडून निधी उभा करावा लागला. इथल्या मुलांना व्हाइट लॉजसारख्या शाळेसाठी घरच्या उत्पन्नानुसार सरकारी मदत मिळते. भारतातून येणाऱ्या मुलीला पूर्ण फी, वसतिगृह, व्हिसा हे सगळं स्वतःच बघावं लागतं.

परीक्षांबद्दल मात्र मी रेवतीच्या विरुद्ध आहे. ग्रेड सहापासूनच्या आणि इंटरमिजिएटपासूनच्या आरएडी परीक्षांचे इथे विद्यापीठ प्रवेशासाठी गुण धरले जातात. माझी मुलगी नर्तकी झाली नाही, फिजिओथेरपी शिकतेय, आणि त्या प्रवेश-अर्जात तिचा बॅले उपयोगी पडला. ज्यांना पुढे शिकवायचंय त्यांना तर या परीक्षा लागतातच.

तात्या_सांगली:

मुळात एवढा खटाटोप कशासाठी? कथक आहे, भरतनाट्यम आहे, दहावीला त्यांचे वाढीव गुणही मिळतात. आन्ना पावलोव्हा भारतात आली तेव्हा तिनेच भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना आपल्या देशाच्या नृत्याकडे वळायला सांगितलं होतं. जगातल्या सगळ्यात मोठ्या बॅलेरिनाला जे कळलं ते आपल्याला का कळू नये? पस्तिशीत निवृत्ती, गुडघे गेलेले, हातात पदवी नाही. मुलीच्या वाट्याला हे देऊ नका.

विशाखा_कथक:

तात्या, मी कथकवाली असूनही तुमच्याशी सहमत नाही. रुक्मिणीदेवी त्याआधी पावलोव्हाच्याच कंपनीतल्या क्लिओ नॉर्डींकडे बॅले शिकल्या होत्या. त्या तालमीने त्यांचं काही बिघडलं नाही. आणि नर्तक उदय शंकर पावलोव्हासोबत नाचले, मग भारतात येऊन त्यांनी काय उभं केलं ते जग जाणतं. मूल ज्या नाचाकडे धावतंय त्याच्याशी देशाचा हिशोब घालू नये.

निवृत्तीचं म्हणाल तर पॅरिस ऑपेरात नर्तकांना बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतन मिळतं. ते वाचवायला डिसेंबर २०१९ मध्ये तिथले नर्तक संपावर गेले आणि नर्तकी कडाक्याच्या थंडीत ऑपेराच्या पायऱ्यांवर ‘स्वान लेक’ हा बॅले नाचल्या. आपल्याकडे पगारी बॅले कंपन्यांची तशी परंपराच नाही, ही खरी अडचण आहे. ती अडचण परीक्षेने निर्माण केलेली नाही.

डॉ_फिजिओ_नाशिक:

इतकी चर्चा झाली, पण जमिनीबद्दल कुणीच विचारलं नाही. रेवतीताई, क्लास कुठे भरतो? सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, फरशीवर?

बॅलेसाठी स्प्रंग फ्लोर लागतो. खाली रबर किंवा फोमच्या गाद्या, त्यावर आडव्या-उभ्या लाकडी पट्ट्या, मग प्लायवूड आणि सगळ्यात वर व्हिनाइल. उडी मारून खाली येताना जमीन किंचित दबते आणि धक्का पोटात घेते. काँक्रीटवर बसवलेली टाइल काहीच घेत नाही, सगळा धक्का नडगीत, टाचेत, गुडघ्यात जातो. टाइलवर नुसता व्हिनाइलचा रोल किंवा योगाच्या मॅट अंथरल्या की झालं असं अनेक क्लासना वाटतं. त्याने पाय घसरणं कमी होतं, धक्का नाही. माझ्याकडे नडगी दुखते म्हणून येणाऱ्या नाचणाऱ्या मुलींना मी पहिला प्रश्न जमिनीचाच विचारतो. आठवड्यातून चार दिवस कठीण फरशीवर उड्या मारणं म्हणजे दुखापत स्वतःहून बोलावणं.

आता पॉइंट. पावलाची हाडं या वयात अजून वाढत असतात. नृत्यवैद्यकातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे की बाराव्या वर्षाआधी पॉइंट नकोच. बारा पूर्ण झाली म्हणजे झालं असंही नाही. मुलगी एका पायावर चवड्यावर पुन्हापुन्हा चढू शकते का, घोटा डगमगतो का, पोटाचे आणि कमरेचे स्नायू शरीर धरून ठेवतात का, मागची काही वर्षं नियमित तालीम झालीय का, हे तपासायचं असतं. आरएडीच्या इंटरमिजिएट फाउंडेशनला किमान वय अकरा आहे आणि मुलींना त्यात सहसा पॉइंटवर काम असतं. किमान वय म्हणजे त्याआधी परीक्षेला बसता येत नाही, एवढंच. त्या वयाला बसलंच पाहिजे असं नाही. विशाखाताई, अभ्यासक्रमाचा वचक असतो म्हणता, पण परीक्षेची तारीख जवळ आली की हाच अभ्यासक्रम शिक्षकाला घाई करायला लावतो, तेही मी बघतो.

आणखी एक. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळणं, खुब्यातून येत नसेल तर मुली पाऊल जमिनीवर रोवून गुडघ्यातून वळवतात. परीक्षकाला पाच नंबरची पोझिशन (बाहेर वळलेली पावलं एकापुढे एक चिकटलेली) दिसते, गुडघ्याला पीळ बसतो. पंधराव्या-सोळाव्या वर्षी वजनाच्या धास्तीने खाणं तोडलं आणि पाळी थांबली, तर पावलाच्या हाडांना बारीक तडे जातात. हे शिक्षकाशी आत्ताच बोलून ठेवा.

विशाखा_कथक:

डॉक्टर, घाईचं मान्य करते. शिक्षक घाई करत असेल तर त्याला आईवडिलांनी थांबवलं पाहिजे. तरीही ग्रेड पाचची परीक्षा मुलीला देऊ द्या असंच मी म्हणेन. तिथे पॉइंट नाही आणि तयारी झालेलीच आहे.

ध्रुव_वाशी:

मी सहा दिवसांचं मागे घेत नाही. फक्त आधी जमीन बघा, मग दिवस वाढवा. आणि मुलीला विचारलंत का कुणी?

रेवती_ठाणे:

विचारलं. तिला पॉइंट शूज हवेत, परीक्षा नको. अगदी उलट! ग्रेड पाचला ती बसेल. इंटरमिजिएट फाउंडेशन बारा पूर्ण झाल्यावर, तेही फिजिओने घोटा तपासल्यानंतर. क्लास दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरतो आणि खाली टाइलच आहेत. उद्या बाईंना भेटून जमिनीचं विचारणार आहे, चार दिवसांचं उत्तर त्यांच्या उत्तरावर ठरेल. डॉक्टर, प्लाय आणि रबर टाकून एका खोलीएवढा फ्लोर करायचा तर खाली किती जाडीचे रबर पॅड घ्यायचे? आम्ही सहा-सात पालक मिळून खर्च करायला तयार आहोत.