मदत हवी आहे: भागीदारी सोडली, पण फर्मच्या नावात माझं आडनाव तसंच आहे

नमस्कार. कायद्याची माहिती असलेल्यांनी कृपया सांगा, मी फार काळजीत आहे.

मी आणि एक मित्र, दोघांची नोंदणीकृत भागीदारी फर्म होती. नावात दोघांची आडनावं. दीड वर्षापूर्वी मी बाहेर पडलो. स्टॅम्पपेपरवर करार झाला, हिशेब मिटला. आता धंदा तो एकटाच चालवतो, पण पाटी तीच, बिलबुक तेच, लेटरहेडवर दोन्ही आडनावं. मैत्रीखातर मी काही बोललो नाही. गेल्या महिन्यात एका पुरवठादाराचा फोन आला: "तुमचं नाव बघून उधारीवर माल दिला, पैसे तुम्हीही द्या." हा माल मी सोडल्यानंतर वर्षभरानं घेतलेला आहे!

भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ वाचून पाहिला. कलम ५८ मध्ये 'रॉयल', 'इम्पीरियल' असे किंवा सरकारचा पाठिंबा भासवणारे शब्द राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय नावात नकोत, असं आहे. पण सोडून गेलेल्या माणसाचं नाव लोकांची दिशाभूल करत असेल तर काय? ही उधारी माझ्या अंगावर येईल का? आणि नाव काढायला लावता येईल का?

प्रतिसाद १

जाहीर नोटीस दिली होती का? सगळं त्यावर अडलंय. भागीदारीला किमान दोन माणसं लागतात. दोघांतला एक गेला की फर्मच उरत नाही, त्यामुळे करारात 'निवृत्ती' लिहिलं असलं तरी हे विसर्जन आहे. कलम ४५ नुसार जाहीर नोटीस निघेपर्यंत तिऱ्हाइतांच्या बाबतीत तुमची जबाबदारी चालू राहते. तुम्ही भागीदार होतात हे ज्याला माहीतच नव्हतं, त्याच्याबाबत मात्र सूट आहे. म्हणून हा पुरवठादार जुना की नवा, ते आधी तपासा.

तो नवा असला तरी कलम २८ आहेच. स्वतःला भागीदार म्हणून दाखवलं जातंय हे माहीत असून चालू दिलं आणि त्या भरवशावर कुणी उधारी दिली, तर भागीदारासारखंच देणं लागतं. तुमचं दीड वर्षाचं गप्प राहणं इथे नडू शकतं, हे स्पष्ट सांगतो. मृत भागीदाराचं नाव फर्ममध्ये राहिलं, तर केवळ तेवढ्यानं त्याच्या वारसांवर बोजा येत नाही. पण ती सवलत जिवंत माणसाला नाही.

धागाकर्ता

नोटीस दिलेली नाही. पुरवठादार जुनाच आहे, मला ओळखतो. आणि करारात 'गुडविल (म्हणजे धंद्यानं कमावलेला लौकिक) त्याच्याकडे राहील' असं एक वाक्य आहे. मोबदलाही मिळाला होता. त्याचा काही फरक पडतो का?

प्रतिसाद २

पडतो. एरवी कलम ५३ खाली, फर्मचे सगळे व्यवहार मिटेपर्यंत, ते नाव वापरायला न्यायालयातून मनाई मागता येते. पण गुडविल विकत घेतलेल्याचा नाव वापरायचा हक्क ते कलम काढून घेत नाही. त्यामुळे नाव उतरवायच्या मागे लागण्याआधी करार वकिलाला दाखवा. नोटीस मात्र आजच हाती घ्या: फर्मच्या निबंधकांना कळवणं, राजपत्रात प्रसिद्धी आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात जाहिरात. मित्राची सही मिळेना तरी अडत नाही, कोणताही एक भागीदार ती देऊ शकतो. झालेल्या उधारीतून यानं सुटका नाही, पुढची थांबेल. मित्रालाही लेखी हरकत पाठवा, पोच जपून ठेवा. आणि त्या पुरवठादाराला फोनवर 'बघतो, देतो' असं काही बोलू नका.