कृष्णकमळाचा वेल फोफावलाय, पण कळी धरत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात आमच्या गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये जांभळं कृष्णकमळ आहे. रोपवाटिकेतून आणलं तेव्हा त्यावर एक फूल होतं: पूर्ण जांभळं, नागमोडी तंतूंचं, मंद वासाचं. पान तीन पाळ्यांचं. आता वेल जाळी ओलांडून पाण्याच्या टाकीवर चढलाय, पानं हिरवीगार. पण यंदाचा अख्खा पावसाळा बिनफुलांचा गेला. कळी औषधालाही नाही.

हा वेल मी भुंग्यांसाठी लावला. ते मोठे काळे, पंखांवर निळी झाक असलेले, लाकूड पोखरणारे. गच्चीवर वांगी आहेत, फुलं भरपूर येतात आणि गळून जातात. वांग्याचे पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातून सांडतात, त्यासाठी कुणीतरी फूल धरून थरथरवावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही, भुंग्याला जमतं. पण वांग्याच्या फुलात मध नसतो, मग नुसत्या वांग्यांसाठी तो गच्चीवर येईल कशाला? म्हणून कृष्णकमळ. त्याचे पुंकेसर नेमके भुंग्याच्या पाठीला घासतील अशा उंचीवर टांगलेले असतात. मध प्यायला वाकला की पाठ पिवळी होते.

ऊन सकाळी 7 ते 10, पुढे टाकीची सावली. दर पंधरवड्याला शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी आणि अधूनमधून शेणखत घालते. छाटणी अजून केलेली नाही.

शिवाय दिवाळीपासून तांबूस, काटेरी अळ्या पानं खाताहेत आणि देठांवर मुंग्यांची रांग असते. शेजारचे काका म्हणतात, इमिडाक्लोप्रिड मार, एका फवाऱ्यात सगळं साफ. बाटली घरात आणून ठेवलीय, पण हात धजत नाही. भुंग्यांना बोलवायचं आणि त्यांच्याच ताटात विष कालवायचं, हे मनाला पटत नाही. दुसरा काही मार्ग आहे का?

– गच्चीवरची

परसदार:
ताई, आधी पेंडीचं पाणी बंद करा. त्यात नत्र भरपूर, आणि नत्र मिळत राहिलं की वेल पानंच काढतो. त्याऐवजी मूठभर बोनमील आणि थोडी चाळलेली लाकडाची राख मातीत मिसळा.

ऊनही कमी पडतंय. किमान 5-6 तास तरी हवं. ड्रम हलत नसेल तर वेलाची दिशा बदला, मूळ सावलीत असलं तरी चालतं, शेंडे उन्हात हवेत.

छाटणीला घाबरू नका. तुम्ही सांगताय त्यावरून ही अमेरिकेच्या आग्नेय भागातली जात वाटते. तिकडे हिवाळ्यात वरचा वेल पार वाळतो आणि वसंतात जमिनीतून पुन्हा फुटतो. फुलंही नव्या फुटीवरच धरतात. फेब्रुवारी संपता संपता गुडघ्याएवढा ठेवून बाकीचा काढा. कापलेल्या जून फांद्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे वाळूमिश्रित मातीत खोचले तर रोपंही होतील.

भुंगेवाली:
बाटली उघडू नका, प्लीज! इमिडाक्लोप्रिड आंतरप्रवाही आहे, झाडात भिनून मधात आणि परागांत उतरतं. म्हणजे आज कळी नसताना मारलं तरी पुढच्या फुलांचा भरवसा नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये उघड्यावरच्या पिकांसाठी त्याचा वापर बंद केला तो मधमाश्यांसाठीच.

अळ्या बहुधा टॉनी कोस्टरच्या असाव्यात. केशरी, काळे ठिपके असलेलं, संथ उडणारं फुलपाखरू दिसतं का? ते याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. तुमचा वेल एवढा वाढलाय की थोडी पानं गेली तरी बिघडत नाही. छाटणीच्या वेळी अळ्या असतील तर टाकीकडची एक फांदी त्यांच्यासाठी ठेवा आणि त्यांना हाताने तिकडे हलवा. मुंग्यांचं म्हणाल तर पानाच्या देठावर दोन बारीक गाठी दिसतील. त्यांतून गोड रस पाझरतो, मुंग्या त्यासाठी येतात. राहू द्या.

भुंगे टिकायला घर लागतं. अंगठ्याएवढ्या पोकळीचे वाळके बांबू एका बाजूने बंद ठेवून कोरड्या जागी आडवे बांधा. कठड्याच्या कुंडीत तागाचे दाणेही टाका. दीड-दोन महिन्यांत पिवळी फुलं येतात आणि भुंगे तागावर तुटून पडतात.

गच्चीवरची:
दोघांचे मनापासून आभार. केशरी फुलपाखरू रोज दिसतं! बाटली उद्याच दुकानात परत करते. फुलं आली तर फळही धरेल का? आणि तोवर वांग्यांचं काय करू?

परसदार:
या जातीला स्वतःचे पराग चालत नाहीत. फळ हवं तर दुसरीकडून, वेगळ्या रोपाचा वेल आणा, तुमच्याच वेलाच्या फांदीचा उपयोग नाही.

वांग्यांसाठी सकाळी, फूल नीट उमललं की, बॅटरीवरच्या टूथब्रशची मागची बाजू देठाला क्षणभर टेकवा, पिवळी भुकटी उडताना दिसेल. मात्र आधी मधली हिरवी काडी परागकोशांच्या बाहेर आलीय का बघा. ती आखूड राहून आतच दडलेली असेल तर ते फूल गळणारच, भुंगा येवो न येवो. अशी फुलंच जास्त दिसली तर इथे फोटो टाका, मग खतपाण्याचं बघू.